साखरेचं भांडं

शुक्रवार, संध्याकाळ. अल नस्र (आखात)

सईच्या शाळेत अमेरिकेतल्या गुलामगिरीवर प्रोजेक्ट आहे. मला फोटो दाखवत होती. बेड्या, आणि एक साखरेचं भांडं. त्यावर लिहिलंय, ही साखर हिंदुस्थानची, गुलामांनी केलेली नाही. गुलामगिरीविरुद्ध असलेले लोक ते मुद्दाम टेबलावर ठेवत.

"सी, आजी, अवर शुगर वॉज द गुड वन!"

मी हो म्हणाले. पण चहा ठेवताना ते भांडं डोळ्यांपुढून हलेना. आमचे हे साखर कारखान्यात वजनकाट्यावर कामाला होते. ऊसतोडीच्या बायका दिवस भरलेले असतानाही मोळ्या वाहायच्या. एक काट्यासमोरच बाळंत झाली. तेव्हापासून ह्यांनी चहात साखर घेतली नाही. लोकांना वाटे मधुमेह आहे. जाईपर्यंत तसंच.

त्या बाया गुलाम नव्हत्या, खरं आहे. पण भांड्यावर मिरवावं असंही काही नव्हतं. हे नातीला सांगायचं का? किती खूश होती पोर.

सांगितलं. मग म्हणाली, "आजोबांचा कप कुठेय?"

काढून दिला. तिने त्याचा फोटो भांड्याच्या फोटोशेजारी लावला. "खाली काय लिहू?"

"आजोबा बिनसाखरेचा प्यायचे. का, ते तू लिही."