पाचशे ग्रॅमचा पुडा

आदरणीय व्याहीबुवांस सप्रेम नमस्कार.

आपली पाठदुखी कशी आहे? विहीणबाई मजेत असतील, आणि आमची लेक आपल्याकडे रुळली असेल (नसली तरी कळवू नये, हिला काळजी लागते). आम्ही ठीक आहोत, फक्त शिंकतो आहोत. त्याचं कारण सविस्तर सांगतो.

कपडे धुण्याच्या पावडरचा अर्ध्या किलोचा पुडा मला हाताला हलका लागला. (चाळीस वर्षं टपालात पार्सलं उचलली, हात फसत नाही.) काट्यावर ठेवला तर उलट पाच ग्रॅम जास्त. ही काटा परत ठेवायला निघाली. पण मला शंका आली, हे वजन वेष्टनासकट. पुड्यावर लिहिलंय ते निव्वळ. मग पावडर बादलीत ओतून वेष्टन तोललं. सोळा ग्रॅम. म्हणजे पावडर अकरा ग्रॅम कमी. तडक वजनमापं खात्यात गेलो. तिथल्या निरीक्षक बाई शांत (संशय यावा इतक्या). म्हणाल्या, "काका, एखादा पुडा पंधरा ग्रॅमपर्यंत कमी भरला तर चालतो. पण सगळ्यांची सरासरी पाचशेच्या खाली जाता कामा नये."

म्हणजे माझे अकरा ग्रॅम दुसऱ्या कुणाच्या तरी पुड्यात जात असणार. मला पहिला संशय वरच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांचा आला (त्यांचे सदरे जरा जास्तच पांढरे असतात). काटा पिशवीत घालून गेलो, तर त्यांचाही पुडा दहाने कमी. मग घरोघर फिरून त्याच पावडरचे चौदा पुडे ओतले, एकही पुरा भरला नाही. तळमजल्यावरच्या शिंप्याला वाटलं, मीच पावडर काढतोय. त्याने माझे खिसे उलटे करायला लावले. मला राग आला नाही, त्याच्या जागी मीही तेच केलं असतं. शेवटी रीतसर लेखी तक्रार दिली. येत्या गुरुवारी बाई थेट कारखान्यात जाऊन पुडे तपासणार आहेत.

आपला नम्र,
व्याही

ता. क. – पुड्यामागे पॅकिंग करणाऱ्याचं नाव बारीक अक्षरांत असतं. ते हिने काल भिंग लावून वाचलं. कारखाना आपला निघाला (आपण पॅकिंग करता हे ठाऊक होतं, कुठल्या पावडरचं ते नव्हतं). मशीन बिघडलं असेल, अशी माझी समजूत आहे; ती तशीच राहू द्यावी.

ता. क. २ – मशीन दुरुस्त करून घ्यावं, पण गुरुवारनंतर. आधी केलंत तर चौदा घरांत मी खोटा पडेन.

ता. क. ३ – तक्रारीचा मजकूर मला फोनवर आमच्या लेकीनेच सांगितला होता. कारखाना कुणाचा, हे तिला तेव्हा ठाऊक होतं का, ते तिला विचारू नये. मीही विचारलेलं नाही.