सहावा रकाना

बुधवार, दि. ९ जुलै

चि. छकुलीस आजोबांचे अनेक आशीर्वाद.

येथे सर्वांची प्रकृती ठीक आहे. तुझ्या आईचा खोकला थांबला. आत्याकडे तुझे बस्तान बसले असेल आणि औषधांच्या दुकानातील कामही अंगवळणी पडले असेल, असे समजतो. दिवसभर उभे राहावे लागते, तेव्हा पायांची काळजी घ्यावी.

हे सारे फोनवरही विचारता आले असते. दोनदा फोन केला आणि दोन्ही वेळा हवापाण्याचे विचारून ठेवून दिला. जे सांगावयाचे आहे ते तोंडून निघत नाही. लेखणीतून निघते का ते पाहतो.

विद्यापीठाच्या यादीत तुझे नाव तीन गुणांनी हुकले. ज्या घरात कोणीच दहावी झालेले नाही, अशा घरांतील मुलांसाठी तेथे निराळ्या जागा होत्या. त्यांत तुझे गुण पुरून उरले असते. तुझे वडील नववीत थांबले, आई सातवीत. अर्ज भरताना तू सहाव्या रकान्यापाशी आलीस : घरातील सर्वाधिक शिक्षण. "आजोबा, तुमचं अक्षर मोत्यासारखं. हे तुम्हीच लिहा," म्हणालीस. मी चष्मा पुसला आणि लिहिले : दहावी उत्तीर्ण.

यादी लागल्यावर तू हसत म्हणालीस, "काय आजोबा, तुमचं शिक्षणच मला नडलं की!" सारे हसले. मीही हसलो. गेले तीन आठवडे मला अन्न गोड लागलेले नाही.

छकुली, मी दहावी नाही. चौथी आहे.

छापखान्यात मी एकेचाळीस वर्षे खिळे जुळवले. पदवीपत्रांवर शेकडो मुलांची नावे या हातांनी बसवली. एकदा एका प्राध्यापकांच्या मजकुरातील चूक मी दाखवली, तेव्हा ते गुरकावले, "तू किती शिकलास रे?" मालक मध्येच म्हणाले, "अहो, आमचा पंडित दहावी आहे!" मी गप्प राहिलो. प्राध्यापकांनी चूक सुधारली आणि मला 'अहो' म्हणू लागले. त्या 'अहो'ची मला चटक लागली. पुढे घरीही तेच सांगितले. इतकेच नव्हे, तुझे वडील नववीत नापास झाले तेव्हा, "माझ्या पोटी हा दगड कसा निपजला," असे चारचौघांत बोललो.

सोमवारी माझ्या जुन्या शाळेत गेलो. मुख्याध्यापिका तुझ्या आत्याच्या वयाच्या. त्यांनी जाडजूड नोंदवही काढून ओळींवरून बोट फिरवले. "सापडलात, आजोबा! पण या वयात दाखला कशाला हो? पाचवीत बसताय की काय?"

मी म्हटले, "नातीला विद्यापीठात बसवायचे आहे."

दाखल्यावर लिहिले आहे : शाळा सोडण्याचे कारण – कामास लागला. वर्तन – चांगले. हा दुसरा शेरा वाचून मला त्या बाईंसमोर मान वर करवेना.

मूळ दाखला सोबत आहे. दुरुस्तीचा अर्जही आहे. सहावा रकाना नव्याने भरून मी सही केली आहे. उद्या पाकीट हाती पडेल. शुक्रवारी पाचच्या आत विद्यापीठाच्या प्रवेश-खिडकीवर दे. काही जागा अद्याप रिकाम्या आहेत, असे तेथील कारकुनाने फोनवर सांगितले. मिळेलच, असे मात्र तो म्हणाला नाही.

आज दुपारी हा दाखला तुझ्या वडिलांपुढे ठेवला. त्यांनी तो दोनदा वाचला. ते काय बोलतील ते ऐकण्याची तयारी करून मी उभा होतो. ते एवढेच म्हणाले, "अण्णा, पाकिटात घाला. कुरियरवाला सहाला दुकान बंद करतो."

क्षमा मागण्यापुरते शब्द माझ्यापाशी आहेत. ते तुझा प्रवेश होईपर्यंत वापरणार नाही. आणि न झाला, तर ते पुरणार नाहीत.

तुझा आजोबा,
शिक्षण : इयत्ता चौथी