नाकातला न

४ मार्च
मुख्याध्यापकांनी बोलावलं होतं. खुर्ची दिली, चहा दिला, मुगाची वडी पुढे केली — म्हणजे बातमी वाईट!
"ख्वातकाका, तुमची नात वर्गात एक अक्षर बोलत नाही. सप्टेंबरपासून! लिहिणं चोख, गणितं चोख. पण मे महिन्यात बोलण्या-ऐकण्याची परीक्षा आहे. तिथेही गप्प बसली तर दुसरीतच ठेवावी लागेल. आणि तिचे कान एकदा तपासून घ्या."
कान! नूचे! दुकानात ट्रकमधून उतरणाऱ्या मातीच्या वाडग्यांमधलं तडकलेलं वाडगं मी नुसत्या आवाजावर बाजूला काढतो, आणि ही पोरगी माझ्याआधी बोट दाखवते. घरी तर तोंड मिटत नाही. आई-बाप दक्षिणेत बुटांच्या कारखान्यात, दोन वर्षांची असल्यापासून आमच्यापाशी. गेल्या पावसाळ्यात गावातून इथे तालुक्याला दुकान हलवलं, शाळा बदलली. तेवढंच काय ते बदललं.
थोआला सांगितलं. ती काही बोलली नाही. भाजी चिरत राहिली. बायको बोलत नाही तेव्हा तिला काहीतरी माहीत असतं.

५ मार्च
नूच्या वर्गशिक्षिका, दिएमबाई, स्वतः दुकानात आल्या. पोरगेलीशीच बाई, पण समोरच्याचं बोलणं पुरतं संपेपर्यंत थांबते. धंद्यात असती तर मला खाऊन टाकलं असतं.
मी म्हणालो, "माझी लू घरी पोपटासारखी बोलते हो."
"लू कोण?"
"माझी नात!"
"ती तर नू."
"तेच म्हणतोय की. लू!"
बाई थांबल्या. "काका, एकदा न म्हणा."
म्हणालो.
"आता ल."
म्हणालो. "दोन्हीत फरक काय? तुम्ही एकच तर म्हणताय."
आतल्या खोलीतून थोआचं खुदखुदणं ऐकू आलं. बाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी पहिल्या दिवसाची गोष्ट सांगितली. हजेरीत नू पुकारलं, नवीन म्हणून बुजलेली ही उठेना. तीनदा पुकारलं. मग ही उठली आणि खणखणीत म्हणाली, "मी लू!" अख्खा वर्ग खो खो हसला. आमच्या भाषेत नू म्हणजे कळी. लू म्हणजे कमरेत वाकलेलं म्हातारं! त्या दिवसापासून मिटली ती मिटलीच.
आमच्या जुन्या गावात सगळेच तसं बोलतात, कोण कोणाला हसणार? लिहिताना मी न बरोबर लिहितो; वर लू तेवढं बाईंनी ऐकलं तसं लिहिलंय. हात शिकला, जीभ राहिली.
बाई गेल्यावर थोआला विचारलं, "तुला माहीत होतं?"
"मी समुद्राकाठची, आमच्याकडे न नीट म्हणतात. लग्नात म्हणालात, 'लवरी कुठेय?' मला वाटलं थट्टा करताय. नंतर कळलं, जन्माचंच आहे. पोरगीही तुमच्यावरच गेली."

६ मार्च
बाईंनी युक्ती सांगितलीय. नाक चिमटीत धरून म्हणायचं. अडलं तर न, सुटलं तर ल. सकाळपासून नाक धरून बसलोय. थोआ म्हणते, "मासळीचं भांडं उघडं राहिलं का?" नू दारातून बघत होती. हसली नाही.

८ मार्च
महिला दिन. सगळे पालक बाईंना गुलाब देतात. मी चहाचा पूर्ण संच नेला. बाईंनी एकच पेला घेतला, नखाने वाजवून बघितला, म्हणाल्या, "हा चांगला बोलतोय." वा!

१२ मार्च
वर्गाच्या खिडकीशी बाकड्यावर बसायची परवानगी मिळाली.
आमच्या वेळी ऐकणं म्हणजे हाताची घडी. इथे निराळंच! दोघं-दोघं पाठीला पाठ लावून बसतात. एकाने हातातलं चित्र सांगायचं, दुसऱ्याने न बघता काढायचं. फोंग नावाच्या पोराने रेड्याची शिंगं शेपटाच्या जागी काढली! मग भांडण — "तू म्हणालास वर!" "मी म्हणालो पुढे!" बाई दोघांना म्हणाल्या, आधी समोरचा काय म्हणाला ते सांगा, मग आपलं. भांडण तिथल्या तिथे विझलं. दुकानात गिऱ्हाइकांशी असं करून बघायला हवं.
हसायला बंदी नाही. पण हसलास की ज्याला हसलास त्याचं वाक्य तू नीट म्हणून दाखवायचं.
नूच्या पाठीला क्वेन नावाची पोरगी. क्वेन सांगत गेली, नूने केळीचं पान न् पान काढलं. कुठे चूक नाही. म्हणे कान तपासा! पण सांगायची पाळी आली तशी मान खाली. बाई एवढंच म्हणाल्या, "आज नू आपला कान. बरं." आणि पुढे गेल्या. ओढलं नाही, ढकललं नाही. मी खिडकीतूनच हात जोडले.

२० मार्च
बाईंचा निरोप — वर्गात येऊन मातीच्या भांड्यांविषयी बोला, मुलं प्रश्न विचारतील.
"माझ्या बोलण्यावर हसतील हो."
"म्हणून तर या."
थोआ म्हणाली, "अख्ख्या बाजारात ओरडून वाडगी विकलीत, आणि दुसरीतल्या पोरांना भिता?" भितो! त्यांना नाही. माझ्यावर हसतील तेव्हा नू तिथेच बसलेली असणार. मे जवळ आलाय, तिचं तोंड आणखीच मिटलं तर?
तरी हो म्हणालो. बाईंनी आजवर तिचं वाईट होईल असं काही केलेलं नाही.

२७ मार्च
गेलो. नवा सदरा घालून.
आधी वाडगी वाजवली, पोरांनी डोळे मिटून तडकलेलं ओळखायचं. धमाल! मग एकीने विचारलं, ही माती कुठची. आणि मी, महाशय, ऐटीत म्हणालो — "लदीकाठची!"
हसू फुटलं. फोंग तर बाकावरून घसरला. मी नाक धरलं, पुन्हा म्हणालो. पुन्हा लदी! माझ्या कपाळावर घाम.
तेवढ्यात तिसऱ्या बाकावरून —
"नदी! आजोबा, नदी! जीभ तिथेच ठेवा, आवाज नाकातून सोडा!"
अख्ख्या वर्गाच्या माना वळल्या. नू उभी होती.
"न... नदी," मी म्हणालो. जमलं की काय, मला कळलं नाही. मी तिच्याकडेच बघत होतो.
ती वर्गाकडे वळली. "त्यांना दोन्ही सारखंच ऐकू येतं. तुम्ही का हसता तेच त्यांना कळत नाही. फोंग, तू जास्त हसलास. आता तू सांग आजोबा काय म्हणाले ते."
फोंगने सांगितलं, अगदी नीट! मग नू माती कशी मळतात, गावाकडची भट्टी कधी उघडतात, सगळं सांगत सुटली. मला बोलायला जागाच नाही! न खणखणीत, ल खणखणीत. दिएमबाई खिडकीकडे तोंड करून उभ्या होत्या. मीही वाडगी पुसायच्या फडक्याने तोंड पुसून घेतलं.

२८ मार्च
मुख्याध्यापक रस्त्यात भेटले. परीक्षेची काळजी नको म्हणाले, कानांचं नावही काढलं नाही. थोआने शुभप्रसंगी करतात तो लाल चिकट भात करून अख्ख्या वर्गाला पाठवला. बाईंचे उपकार कसे फेडू? फेडायचेच नाहीत. राहू देत डोक्यावर.

३० मार्च
शाळेतून येताना स्कूटरवर मागे नू. विचारलं, इतका छान न कधी शिकलीस गं?
"पहिल्याच आठवड्यात."
"मग बोलली का नाहीस?"
"वर्गात ल म्हटलं की हसतात. आणि घरी आजी न म्हणते. मीपण म्हणाले असते, तर घरात ल म्हणणारे तुम्ही एकटेच उरला असता."