किचिजोजीतले दहा दिवस

वादी अदाई, मस्कत
मंगळवार

तीर्थस्वरूप प्रसाददादांस,
कृष्णकांतचा हात जोडून आणि (कंबर धरली असल्यामुळे) जमेल तेवढं वाकून नमस्कार.

वि. वि. तुमची साखर आटोक्यात असेल, वहिनींचा गुडघा जिना चढू देत असेल आणि लांज्याच्या घरामागचा फणस यंदा चांगला धरला असेल, अशी आशा करतो. इकडे एप्रिल संपायच्या आत पारा चाळिशीच्या वर गेला आहे. एसी चालू आहे, त्यामुळे मीही चालू आहे. तुम्ही व्हॉट्सॲपवरचं काही वाचत नाही आणि फोनवर माझ्याशी 'बरं, ठेवतो' याच्या पुढे जात नाही, म्हणून हे पत्र. आमचे शेजारी गजेंद्र पाष्टे गुरुवारी सुटीवर लांज्याला निघाले आहेत, त्यांच्या हाती देतो. सोबत खजुराचा डबा आहे. (झाकण सैल दिसलं तर गजेंद्रना विचारावं, मी घट्ट लावून दिलं आहे.)

तुम्ही मागे विचारलं होतंत की तुमच्या भाचीचं जपान कसं काय आहे, तर रेखा आणि मी जे पाहिलं ते सविस्तर सांगतो. निघण्यापूर्वी माझी समजूत अशी होती की जपान मला पाठ आहे. इथल्या गाला भागातल्या आमच्या गॅरेजात एकोणतीस वर्षं मी जपानी गाड्या उघडतो आणि मिटतो. खाबुऱ्याच्या पुढे वाळूत बंद पडलेली गाडी मी फोनवरून नुसता आवाज ऐकून चालू करून दिली आहे. ज्या लोकांच्या गिअरबॉक्सच्या आत आपण हात घातला, ते लोक आपल्याला परके कसे असतील? आमचा जुना मेकॅनिक अलीमियाँ तर निघताना म्हणाला, "साहब, आप तो अपने ही लोगों में जा रहे हो." अर्बाबने, म्हणजे आमच्या अरब मालकाने, दहा दिवसांची रजा दिली, इन्शाल्ला वगैरे न म्हणता, एका फटक्यात. एकोणतीस वर्षांत असं पहिल्यांदा घडलं, तेव्हाच मला संशय यायला हवा होता.

आमची लेक उर्वी राहते ते गाव टोकियोच्या कडेला आहे. नाव किचिजोजी. पहिले दोन दिवस मी ते 'किती जोशी' असं म्हणत होतो, त्यामुळे उर्वी माझ्या दोन पावलं पुढे चालायला लागली. गाव म्हणजे मधोमध स्टेशन, स्टेशनाच्या दोन्ही अंगांना दुकानंच दुकानं, एक अख्खा रस्ता छपराखाली, आणि आमच्या बिल्डिंगच्या लिफ्टएवढी उपाहारगृहं, ज्यांत सहा गिऱ्हाइकं आणि एक आचारी मावतात आणि कोणाचं कोपर कोणाला लागत नाही. स्टेशनापासून दहा मिनिटांवर मोठी बाग आणि बागेत तळं. दहा मिनिटं म्हणजे चालत. दादा, तिथे माणसं चालतात. आपण पार्किंग दुकानाच्या दारात मिळालं नाही तर दुकान बदलतो, आणि हे लोक दूध आणायला, जेवायला, वेळ घालवायला, सगळ्याला चालत जातात. पहिल्या दिवशी माझी अकरा हजार पावलं झाली. उर्वीने फोनमध्ये ती मोजून दाखवली आणि अभिनंदन केलं. मला अभिनंदन नको होतं, टॅक्सी हवी होती.

रांगांचं वेड तर विचारू नका. दुसऱ्या दिवशी बाजारात एक शिस्तशीर रांग दिसली. लिफ्टची असेल असं समजून मी उभा राहिलो, कारण माझ्या कंबरेला जिना नको होता. पस्तीस मिनिटांनी खिडकीपाशी पोचलो तेव्हा आतल्या बाईने माझ्या हातात कागदात गुंडाळलेला गरम खिम्याचा गोळा ठेवला. (उत्तम होता. पण लिफ्ट नव्हती.) फुलांचंही तसंच. चेरीचा बहर आम्ही जायच्या पंधरा दिवस आधी संपला होता आणि हे मला तेरा वेगवेगळ्या माणसांनी कळवळून सांगितलं. मी साध्या हिरव्या झाडांचे फोटो काढले. ते पाहून गॅरेजात सगळे परत कामाला लागले.

आणि शांतता. एवढी गर्दी, पण हॉर्न नाही, हाका नाहीत. आगगाडीत मी रेखाला फक्त एवढंच म्हणालो की समोरच्या माणसाचे मोजे दोन रंगांचे आहेत, तर अख्ख्या डब्याने माझ्याकडे न बघण्याचा प्रयत्न केला. उर्वी कानाशी येऊन म्हणाली, "पप्पा, तुम्ही खूप आवाज आहात." इंडियन स्कूलमध्ये बारा वर्षं शिकवल्याचं हे मराठी. पण खरं सांगायचं तर मला त्या वाक्यात दुरुस्ती सुचली नाही.

बागेतल्या तळ्यात हंसाच्या आकाराच्या होड्या आहेत, पायडल मारून चालवायच्या. ज्यात चाक आहे, पायडल आहे आणि दिशा आहे ते यंत्र माझं, म्हणून मी रेखाला घेऊन बसलो. पाच मिनिटांत आमचा हंस काठावरच्या फांद्यांत मान अडकवून उभा राहिला. मी तिला स्टिअरिंगचं तत्त्व समजावून देत होतो, तेवढ्यात धक्क्यावरचा माणूस भोंग्यावरून आमचा नंबर पुकारायला लागला. रेखाने मला म्हटलं, "तुम्ही जरा पाय वर घ्या." मग तिने एकटीने उलट पायडल मारून होडी बाहेर काढली आणि सरळ धक्क्याला लावली. काठावर दोन म्हाताऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला वाटलं माझ्यासाठी.

आता तुमच्या बहिणीबद्दल चार शब्द, कारण तुम्हाला काळजी असेल. मला होती. जिला मस्कतमध्ये मी दारात सोडतो आणि दारातून उचलतो, तिचं या अफाट गर्दीत कसं व्हायचं? तर तिसऱ्या दिवशी मी कंबर शेकत पडलो असताना ती एकटी बाहेर गेली आणि तासाभराने बांगडे घेऊन आली. मासळीवाल्याची भाषा हिला येत नाही, हिची त्याला येत नाही. हिने बांगड्याचा गाल उघडून आत बघितलं, मान हलवली, दुसरा उघडला, मान हलवली. तिसऱ्या बांगड्याला तो आत जाऊन बर्फातले ताजे घेऊन आला आणि वाकला, असं ती म्हणाली. संध्याकाळी तिने तिरफळं घालून तिखलं केलं. (तिरफळं तिच्या पर्समध्ये होती. माझ्या कंबरेचं मलम मात्र घरी विसरली.) मजला वासाने भरला, आणि दारावर टकटक झाली. शेजारच्या हामादा बाई, वय ऐंशीच्या पुढे. मी माफी मागायला पुढे झालो, वाकायचा सरावही केला होता. बाईंनी माझ्या बाजूने वाकून आत पातेल्याकडे बघितलं. रेखाने वाटी भरून दिली. दुसऱ्या दिवशी वाटी घासून, आत एक संत्रं ठेवून परत आली.

त्यानंतर माझ्या बायकोचा दिनक्रम असा. सकाळी सहाला हामादा बाईंबरोबर बागेत, तिथे रेडिओच्या तालावर पन्नास म्हातारी माणसं हात वर, हात खाली करतात. येताना दूध. दुपारी बाजार. संध्याकाळी उर्वी ऑफिसातून आली की दोघी कुठल्या तरी लिफ्टएवढ्या हॉटेलात. मी बरोबर असलो तर तीन, नसलो तर दोन, फारसा फरक पडत नव्हता.

आठव्या दिवशी मी जाहीर केलं की आज दूध मी आणतो. दोघींनी एकमेकींकडे बघितलं. फोन चार्जिंगला होता, तो तसाच ठेवून गेलो, कारण दुकान होतं चार मिनिटांवर, आणि वळणाची खूण म्हणून मी कोपऱ्यावरची निळी सायकल नीट लक्षात ठेवली होती. दुकानाला दोन दारं आहेत हे मला ठाऊक नव्हतं, आणि त्या गावात निळ्या सायकली किती आहेत हेही. दीड तास चाललो. तळ्यावरून तीनदा गेलो. तिसऱ्यांदा बदकांनीही मान वळवली नाही. शेवटी कोपऱ्यावरच्या पोलीस चौकीत शिरलो.

चौकीतला पोलीस उर्वीच्या वयाचा, फार सभ्य. त्याने पत्ता विचारला. मला मुलीचं नाव, तिची जन्मतारीख आणि तिला बारावीत मिळालेले मार्क सांगता येत होते. पत्ता येत नव्हता. त्याने कागद दिला, मी रस्ता काढून दाखवला. त्याने कागद उलटा करून बघितला, मग आडवा धरला, मग मला खुर्ची दिली. दादा, बंद पडलेल्या गाडीतल्या माणसांना मी एकोणतीस वर्षं फोनवर सांगत आलो की घाबरू नका, जागेवर बसा, आपला माणूस येतोय. त्या खुर्चीवर बसल्यावर मला कळलं की ते ऐकणाऱ्याला काय वाटतं. मांडीवर दुधाची बाटली होती. (ती ताकाची निघाली.)

तासाभराने रेखा आली. एकटी, चालत, पायात साध्या चपला. मासळीवाल्याला तिने खुणेने माझी मिशी दाखवून विचारलं, त्याने पुढच्या फुलवालीकडे पाठवलं, तिने चौकीकडे बोट दाखवलं. पोलिसापुढे ती बरोबर वाकली, तो वाकला, माझी सही न घेता मला तिच्या ताब्यात दिलं.

वाटेत तिने विचारलं, "किती वेळ बसला होतात?"

"तासभर."

"कसं वाटलं?"

म्हटलं, "वाटायचं काय त्यात? आपलं कोणी येईल म्हणून दाराकडे बघत बसलो होतो."

"मी सव्वीस वर्षं बसले आहे," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "कोथिंबीर संपली तर तुम्ही गाल्याहून यायची वाट बघायची. देवळात जायचं तर सुटीचा शुक्रवार उजाडायची. इथे मी चपला घालते आणि जाते."

मी तिला समजावलं की इथली हवा चालण्याची आहे, तिकडे भर उन्हात कोण चालणार.

"म्हणून तर लायसन्स म्हणत होते. उर्वी शाळेत जायला लागली तेव्हापासून म्हणते आहे."

मी जे दर वेळी सांगतो तेच सांगितलं, "मी आहे ना." ती पुढे घरापर्यंत काही बोलली नाही, त्यामुळे मुद्दा पटला असं मी समजलो.

असो. दहा दिवस संपले. परतीच्या विमानात शेजारची सीट रिकामी होती, त्यामुळे पाय पसरून ऐसपैस आलो. एकंदरीत जपान ठीक आहे, बघण्यासारखं आहे, पण राहण्यासारखं नाही. आपल्या माणसाला तिथे करमत नाही. इथे आल्यावर गाडीत बसलो, दार लावलं, हॉर्न वाजवला, मगच जिवात जीव आला.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. प्रकृती सांभाळावी, फणसाच्या झाडावर स्वतः चढू नये.

आपला,
कृष्णकांत

ता. क. रेखा तिकडेच आहे. वर लिहायचं राहिलं. निघायच्या आदल्या दिवशी कळलं की तिने तिकीट पुढे ढकललं आहे. व्हिसा तीस दिवसांचा आहे आणि तो वाया कशाला घालवायचा, असं म्हणाली. अजून तेरा दिवस आहेत. फोनवर माझ्याशी "जेवलात का" एवढंच बोलते. मी जेवतो, पण अंडी आणि पाव खाऊन. ती लहानपणापासून फक्त तुमचं ऐकते, तेव्हा तुम्ही फोन करून तिला लवकर यायला सांगावं. मी सांगायला सांगितलं असं मात्र सांगू नये.

ता. क. दुसरा. तिने विषय काढलाच तर लायसन्सचं जमेल एवढंच मोघम म्हणावं. मी काल जाऊन तिच्या नावाने सगळी चौकशी केली आणि आज फॉर्म भरला. शिकवायला अल्फिया नावाची बाई आहे. तिच्या गाडीत मी मागे बसू का विचारलं, नाही म्हणाली. पण हे इतक्यात रेखाला कळवू नये, नाहीतर तिला वाटेल मी हरलो.

ता. क. तिसरा. पाकीट चिकटवत होतो तेवढ्यात उर्वीचा फोन आला. ती म्हणाली, "पप्पा, मामानेच मम्मीला बोलला, फुल थर्टी डेज राहा, म्हणून." म्हणजे तिकीट पुढे ढकलायचा सल्ला तुमचा होता आणि मी तुम्हालाच पाच पानं विनवण्या लिहिल्या. दादा, तुम्ही वडीलधारे आहात, म्हणून जे तोंडात आलं ते लिहीत नाही. पत्र तरीही पाठवतो आहे, कारण पुन्हा लिहायची ताकद नाही. फक्त फोन करायची तसदी घेऊ नका. टोकियोत आता सकाळचे सहा वाजत आले असतील, ती बागेत निघायच्या आत मीच करतो. फॉर्म भरल्याचं तिला माझ्याच तोंडून कळू दे.