क्रॉसचं स्टिकर

१८ ऑगस्ट, रविवार

बोर्ड आला. चौकटी छापलेला मोठा कागद आणि खेळाडूंच्या नावांच्या स्टिकरचे ताव. अडतीस डॉलर, पाठवणावळ धरून. मी बायकोला, डीनाला, सांगितलं, अडतीसात काम झालं. ती नुसती हसली. मग बसून खरा हिशेब केला: दोन नव्या ट्यूब, पंखा, डुकराच्या बरगड्या, बिअर, बर्फ. शिवाय गॅरेज रिकामं करायचं म्हणून तिची गाडी आठवडाभर बाहेर, मेपलच्या झाडाखाली, म्हणजे पक्ष्यांच्या तावडीत. गाडी धुणं वेगळं. आणि तिचा राग जावा म्हणून एक जेवण बाहेर, ते आणखी वेगळं. अडतीसचे चारशे कधी झाले कळलं नाही.

संध्याकाळी ती फोनवर बहिणीला समजावत होती — "दहा बाप्ये गं. पाळीपाळीनं फुटबॉलच्या खऱ्या खेळाडूंची नावं भिंतीवर चिकटवायची, की झाली ज्याची त्याची टीम. ती पोरं रविवारी आपापल्या गावी खेळणार, आणि हे त्यांचे गुण मोजून ख्रिसमसपर्यंत भांडणार. मिळत काही नाही. एक कप आहे, पितळेचा."

वर्णन चोख. पण तो कप चार वेळा माझ्याकडे आलाय, हे सांगायचं विसरली. दहांत दुसऱ्या कुणाला तो दोनदासुद्धा मिळालेला नाही. चार वेळा!

२० ऑगस्ट, मंगळवार

कामाला लागलो. म्हणजे अफवेच्या.

माझं सगळं लिंडेल क्रॉसवर उभं आहे. आपल्या क्लीव्हलंडचा टाइट एंड — दांडगा गडी, समोरच्याला आडवाही करतो आणि चेंडूही झेलतो. मासिकातल्या यादीप्रमाणे तो तिसऱ्या फेरीत जायला हवा. मला तो दरवर्षी पाचव्या फेरीत मिळतो. लोक नशीब म्हणतात. नशीब कसलं! आठवडाभर आधीपासून मी त्याची निंदा सुरू करतो. ती पण थेट नाही — जाता जाता.

आज ग्लेन, आमच्या दहांतला पोस्टमन, टपाल घेऊन आला, तेव्हा मी सहज म्हणालो, "क्रॉसच्या गुडघ्याचं ऐकलंस?"

"काय झालं?"

"काही नाही. कुणीतरी म्हणत होतं."

ग्लेन फार गंभीर झाला. म्हणाला, "वाईट झालं रे, लेन." आणि पाठ फिरवून चालू लागला. त्याचे खांदे हलत होते. पिशवीचा पट्टा सरळ करत असावा. आता उद्यापर्यंत आमच्या अख्ख्या पार्मा गावात गुडघा पोचेल. टपाल पोचो न पोचो.

तीस वर्षांपूर्वी शिडी आणि एक जुनी व्हॅन घेऊन गॅरेजची दारं बसवायचा, दुरुस्त करायचा धंदा सुरू केला, आता आठ माणसं हाताखाली आहेत. माणूस कधी वाकतो आणि स्प्रिंग कधी तुटते, हे मला आवाजावरून कळतं.

२२ ऑगस्ट, गुरुवार

एक गोष्ट आवडली नाही.

बरगड्या आणायला व्हिकच्या दुकानात गेलो. व्हिक ओरावेट्स खाटीक, माझा सगळ्यात जुना मित्र. मी बसवलेलं आयुष्यातलं पहिलं दार त्याच्या दुकानाच्या मागच्या बाजूला आहे, अजून चालतं. यंदा एक जण फ्लोरिडाला गेला म्हणून त्याच्या जागी व्हिकचा जावई येतोय. डेव्हन. विमा कंपनीत आकडेमोड करतो. दाढी कोरलेली.

व्हिक शीतखोलीत होता, फोनवर. दार अर्धं लोटलेलं. माझे कान काही लोटलेले नव्हते.

"…ते गाडीत सांगतो. एकच लक्षात ठेव, लेनसमोर तोंड उघडायचं नाही."

मी घंटा वाजवली. बाहेर आला तो हसत. "अरे कमिश्नर! किती पौंड?" खेळाचा कारभार मी बघतो म्हणून ही पदवी.

नेहमीच्या वजनावर त्याने एक बरगडी जास्त टाकली. तिचे पैसे घेईना. व्हिक कधी फुकट देत नाही.

२३ ऑगस्ट, शुक्रवार

बोर्ड लावला. कोपऱ्यांत खिळे ठोकले. डेव्हन कोण आहे? जावई. जावई सासऱ्याचं ऐकणार. म्हणजे दोन टीमा, डोकं एक. आमच्या नियमात ते बसत नाही — दोघांनी संगनमत केलं तर दोघंही बाहेर, कायमचे. नियम मीच लिहिलाय.

२४ ऑगस्ट, शनिवार

पाहुणे गेले, भांडी पडली आहेत, डोकं गरगरतंय. आठवतंय तोवर लिहितो.

दुपारी सगळे वेळेवर. डेव्हन लॅपटॉप घेऊन आला. ग्लेन म्हणाला, "जावईबापू, इथं डोकं आणायचं असतं. तेसुद्धा सगळे आणत नाहीत." हशा. पोरगं बरं आहे, हसलं. कोबी भरलेले, उकडलेल्या करंज्यांसारखे पिएरोगी व्हिकच्या बायकोने दिले होते. पहिल्या तीन फेऱ्या सुरळीत गेल्या. ज्याची पाळी त्याने नाव पुकारायचं, तावावरून स्टिकर सोलायचं, जाऊन आपल्या चौकटीत लावायचं. चिकटलं की चिकटलं, मागे फिरणं नाही.

चौथ्या फेरीत मी बरगड्या उलटायला उठलो. शेगडी घराच्या बाजूला आहे, धूर आत येऊ नये म्हणून. खिडकी उघडी होती. आत एकदम शांतता झाली. बिअर पिणारे नऊ लोक असे गप्प फक्त प्रेतयात्रेत असतात. मग खुर्ची सरकली. मग व्हिकचा आवाज, दबका — "ठेव परत. पटकन, तो येईल."

चिमटा टाकून आत आलो. सगळे बोर्डाकडे बघत होते, जसं काही चर्चमधलं चित्र. डेव्हनच्या चौथ्या चौकटीत जॅक्सनव्हिलचा एक म्हातारा झेलणारा. आकडेमोड करणारा माणूस याला चौथ्या फेरीत घेतो?

"छान घेतलास," व्हिक म्हणाला.

"आकडे चांगले आहेत त्याचे," डेव्हन म्हणाला. कान लाल.

पाचव्या फेरीत माझी पाळी आली. क्रॉस होता! मी आवाज न चढवता नाव पुकारलं. कुणी हूं की चूं केलं नाही. दरवर्षी निदान एक तरी शिवी मिळते.

स्टिकर लावलं, पडलं. पुन्हा लावलं, पुन्हा पडलं. उलटं करून पाहिलं तर मागे निळ्या स्वेटशर्टाची लव. सोललेलं होतं ते. आधीच. कुणीतरी काढलं, हातात धरलं, छातीशी नेलं, आणि परत तावावर ठेवलं.

निळा स्वेटशर्ट डेव्हनने घातला होता.

२५ ऑगस्ट, रविवार

टाचणीने लावलं स्टिकर. बोर्डावर टाचणी असलेला मीच एक.

डीनाला सांगितलं. ती म्हणाली, "तुला हवा होता तो मिळाला ना? मग?"

तिथेच तर गोम आहे. हातातला क्रॉस कुणी सुखासुखी परत ठेवतं का? कधी ठेवतं? माल खराब आहे हे कळल्यावर. डेव्हन विम्यात आहे. दवाखान्यांचे कागद यांच्या टेबलावरून जातात. व्हिकने वेळेवर हात धरला जावयाचा, आणि मला घेऊ दिला.

गुडघा.

२६ ऑगस्ट, सोमवार

गुडघ्याची बातमी मीच उठवली होती, हे मला माहीत आहे. पण खोटी म्हणून उठवलेली बातमी खरी असूच शकत नाही, असं कुठे आहे?

सकाळी दोन दारं बसवली, एक उलटं बसलं. तीस वर्षांत पहिल्यांदा.

२७ ऑगस्ट, मंगळवार

परीक्षा घेतली. ग्लेन टपाल घेऊन आला. म्हटलं, "क्रॉस घेतोस? तुझा तो तिसऱ्या फळीतला पळणारा दे मला."

चांगला क्रॉस असता तर ग्लेनने पिशवी टाकून माझे पाय धरले असते. तो दोन पावलं मागे सरला. "नको, नको. तुझ्याकडेच राहू दे."

"का?"

"शोभतो तुला."

दुपारी आणखी दोघांना फोन केले. एक म्हणाला, "माझ्याकडे आहे की टाइट एंड." त्याच्याकडे नाही. बोर्ड माझ्या भिंतीवर आहे, मला दिसत नाही काय? दुसरा म्हणाला, "लेन, बरा आहेस ना?" आणि लगेच, "व्हिकशी बोललास का?"

व्हिकशी! म्हणजे सगळे सामील. नऊच्या नऊ. फुकटाच्या भावात दिलेला खेळाडू एकही जण घेत नाही.

२९ ऑगस्ट, गुरुवार

निरोप लिहून ठेवला, सगळ्यांना एकदम जाईल असा. व्हिक आणि डेव्हन, संगनमत, नियमाप्रमाणे बाहेर. तीन ओळी. अर्धा दिवस लागला.

बोट बटणावर ठेवून बसलो होतो. डीनाने खांद्यावरून वाचलं. म्हणाली, "व्हिकशिवाय कोण येईल रे या गॅरेजमध्ये? बाकीचे त्याच्याच ओळखीने आलेले आहेत."

"नियम म्हणजे नियम."

"मग त्याच्या तोंडावर सांग. फोनवरून माणूस काढायला तू काय बँक आहेस?"

हे पटलं. उद्या जातो. यानंतर मैत्री राहील असं वाटत नाही.

३० ऑगस्ट, शुक्रवार

दुकानात गर्दी होती, सोमवारची सुट्टी म्हणून. मी रांगेत उभा राहिलो. माझी पाळी आल्यावर म्हणालो, "व्हिक, क्रॉसचं स्टिकर तुम्ही काढलं होतंत."

त्याने सुरी पुसली. नाकारलं नाही. कामाच्या पोराला गल्ल्यावर बसवून मला मागे नेलं, मी बसवलेल्या त्या दाराशी.

"डेव्हनने काढलं. त्याची चूक नाही. गाडीत सांगणार होतो, पण लेक बरोबर होती, तिने घरापासून तुझ्या फाटकापर्यंत बोलताना श्वास घेतला नाही. राहून गेलं. त्याने भाबडेपणाने क्रॉसचं नाव पुकारलं आणि आम्ही सगळे खिडकीकडे बघायला लागलो."

"का? गुडघा कसा आहे त्याचा?"

"कसला गुडघा?" व्हिक म्हणाला. "लेन, तो गुडघा दर ऑगस्टला येतो. ग्लेन आम्हाला फोन करून सांगतो, आला बघा गुडघा."

मी दाराचा रूळ चाचपून पाहिला.

"एका वर्षी ग्लेनने क्रॉस घेतला होता चौथ्या फेरीत. आठवतं? तू बाहेर गेलास तो आलाच नाहीस. आमच्याकडे पाठ करून उभा. बरगड्यांचा कोळसा झाला. मग आम्ही हात धुवायला बाहेर आलो आणि तू रिमोट दाबून दार खाली घेतलंस. आम्ही नऊ जण बाहेर, जॅकेटं आत."

"त्या दिवशी स्प्रिंग गेली होती."

"असेल," व्हिक म्हणाला. "नंतर आम्ही इथंच, याच दाराशी ठरवलं. गॅरेज याचं, मांस हा भाजतो, मजा येते. एक टाइट एंड गेला तर गेला. पाचव्या फेरीपर्यंत क्रॉसला कुणी हात लावायचा नाही. तुला कळू द्यायचं नाही, एवढीच अट होती."

बाहेरून कुणीतरी ओरडलं, "व्हिक, सॉसेज मिळणार आहे का आज?"

"आलो!" मग मला म्हणाला, "काय सांगायला आला होतास तू?"

"काही नाही. दोन पौंड सॉसेज दे."

वजन केलं. पूर्ण पैसे घेतले.

१ सप्टेंबर, रविवार

कप खाली काढून त्यावर कोरलेली वर्षं पाहिली. माझी चारही ग्लेनने क्रॉस घेतला त्या वर्षानंतरची आहेत.