फाटकाबाहेर सोळा वर्षं

५ फेब्रुवारी २००६, रविवार

जोतीरामची चहाची टपरी उचलली! रस्ता रुंद करायचाय म्हणे. गुरुवारी गाडी आली आणि बाकडं, स्टोव्ह, पत्रे, सगळं घेऊन गेली.

सोळा वर्षं आमचे हंबीरराव त्याच बाकड्यावर बसत आले. मी चर्चमध्ये, हे समोर टपरीवर. पेपर, दोन चहा, जोतीरामशी कुस्तीच्या गप्पा. उपासना संपली की मला मागं बसवायचं आणि घरी. लग्नानंतरच्या पहिल्या रविवारपासून हेच चाललंय. तेव्हा लूना होती, मग एम-एटी आली, आता स्प्लेंडर. गाड्या बदलल्या, माणूस फाटकाबाहेरच!

आज फाटकापाशी गाडी लावली, इकडं-तिकडं बघितलं. म्हटलं, प्रभू, हाच का तो दिवस? आता बाहेर बसायला जागाच नाही, आत येतील.

नाही आले. गाडीला टेकून दोन तास उभे!

८ फेब्रुवारी

टपरी गेली म्हणून मी मनातून खूश झाले होते. जोतीरामच्या पोटावर पाय आला आणि मी खूश! देवा, क्षमा कर.

१२ फेब्रुवारी, रविवार

पुन्हा उभे. जोतीरामनं एसटी स्टँडजवळ हातगाडी लावलीय, असं यांना सांगितलं तर म्हणाले, "लांब पडतंय. तुजं सुटायच्या टायमाला हितं असाय नको व्हय?"

आज पप्पांची फार आठवण आली. नव्वद साली आम्ही रजिस्टर लग्न केलं. मी ख्रिस्ती, हे गारगोटीकडचे, शेतकऱ्याघरचे, शिरोलीला फाउंड्रीत, लोखंडाच्या ओतकामात, मोल्डिंगला. पप्पा शाळामास्तर आणि चर्चच्या मंडळीतले वडीलधारे. वर्षभर माझ्याशी बोलले नाहीत. चर्चमध्ये मी डावीकडं बसले की मान उजवीकडं!

मग एका रविवारी काय झालं कुणास ठाऊक. उपासना सुटल्यावर पप्पा सरळ रस्ता ओलांडून गेले आणि बाकड्यावर यांच्या शेजारी बसले. आपल्या कपातला अर्धा चहा बशीत ओतला आणि बशी यांच्यापुढं सरकवली. मी चर्चच्या पायरीवर उभी राहून ढसाढसा रडले. त्यानंतर दर रविवारी सासरा-जावई तिथं अर्धा तास बसायचे. सत्त्याण्णवला पप्पा गेले. यांनी खांदा दिला, कबरीवर माती टाकली. कबरस्तानात आले, पण चर्चमध्ये शवपेटी होती तेव्हा दाराबाहेरच उभे. का? मी विचारलं नाही.

विचारायचं नव्हतंच. लग्न झाल्या झाल्याच चर्चच्या तेव्हाच्या पाळकसाहेबांनी मला बजावलं होतं – "करुणा, शास्त्रात काय सांगितलंय? बायकोनं बडबडून नव्हे, वागून नवऱ्याला जिंकायचं. एक शब्द काढू नकोस. प्रार्थना कर आणि धीर धर."

धरला धीर. मी! कोथिंबिरीच्या जुडीवरून मंडई डोक्यावर घेणारी मी! या एका गोष्टीत मात्र तोंडाला कुलूप. देवाचं काम आपण करायला जायचं नाही.

२६ फेब्रुवारी, रविवार

श्रुती बारा वर्षांची झाली, आता सगळं कळतं तिला. चर्चमधून येताना माझ्या कानात म्हणते, "मम्मी, बाबा उन्हात हुबारलेत. मी बोलवतो की त्यास्नी आत."

मी दटावलं. "खबरदार! देव बोलवेल त्यांना, त्याची वेळ आली की."

"देव कसा बोलवंल? हाक मारून?"

एक चापटी दिली. आता वाईट वाटतंय.

५ मार्च, रविवार

मोरीतला नळ दुरुस्त करता करता हे चक्क आमचं चर्चमधलं गीत गुणगुणत होते! चाल बरोबर, शब्द अर्धेमुर्धे. पप्पांचं आवडतं. बाहेर ऐकून ऐकून पाठ झालेलं.

मी भाकरी थापत होते, हात तसाच थांबला. तव्यावरची करपली. जीभ चावली. पण इतकं बरं वाटलं! पप्पा गात होते तेव्हाचे रविवार आठवले. काय दिवस होते ते. लूनावरून येताना मी गायची आणि हे मुद्दाम गाडी हळू चालवायचे.

१९ मार्च, रविवार

आज चक्कर आली यांना.

उपदेश अर्ध्यावर असताना वॉचमन धावत आला. मी पळत बाहेर. हे फुटपाथवर बसलेले, अंग घामानं भिजलेलं. कुणीतरी डोक्यावर पाणी मारत होतं. मला बघून म्हणाले, "काय न्हाय, ऊन लागलं जरा. तू जा आत, अजून सुटलं न्हाय तुजं."

भट्टीपुढं जन्म काढलेला माणूस. उन्हानं पडला!

डॉक्टर म्हणाले, ब्लडप्रेशर आहे, जपा.

देवा, मी तुझ्यावर रागावलेय. लिहून ठेवते. सोळा वर्षं गुडघे टेकले, आणखी किती? मी म्हातारी झाल्यावर? हे गेल्यावर? धीर धर, धीर धर! आत पंख्याखाली बसून धीर धरणं सोपं आहे. तो माणूस बाहेर उन्हात उभा आहे.

२५ मार्च, शनिवार

ठरलं. पाळकसाहेब माफ करोत, देव माफ करो. उद्या बोलणार. नाही म्हणाले तर नाही. चिडले तर चिडू देत.

लग्नाच्या आदल्या दिवशीसुद्धा एवढी घाबरले नव्हते.

२६ मार्च, रविवार

फाटकापाशी उतरले. पदर नीट केला, पुन्हा केला. श्रुती पुढं गेली. यांनी गाडी स्टँडला लावली.

म्हटलं, "ऊन लई आहे. आत चला की."

यांनी खिशातनं कंगवा काढला, आरशात बघून भांग पाडला. किल्ली काढली. म्हणाले, "चल."

एवढंच!

दारात चपला काढल्या. आमच्यात काढत नाहीत, पण कुणी काही बोललं नाही. श्रुतीनं मागं येऊन आपल्याही काढल्या, मग मीपण. तिघं अनवाणी आत गेलो. मला एकही गीत म्हणता आलं नाही. हे मात्र म्हणत होते, अर्धेमुर्धे.

२७ मार्च, सोमवार

यांनी आज सुट्टी घेतली. चहा घेताना धीर करून विचारलं, इतकी वर्षं का नाही आलात?

म्हणाले, "एक्क्याण्णवलाच विचारलं हुतं मी तुझ्या पप्पास्नी, येऊ का आत म्हणून. म्हणाले, माझ्यासाठी येऊ नका. करुणा ज्या दिवशी बोलवंल, त्या दिवशी या. मग मीबी म्हटलं, बोलवंल की."

पंधरा वर्षं हा माणूस माझ्या एका हाकेसाठी बसून होता. आणि मी गप्प!