घासलेली टाच

पवित्र गुरुवार, संध्याकाळचे साडेआठ

आज चर्चमध्ये मिस्सात फादरांनी आम्हा बाराजणांचे पाय धुतले, येशूने शिष्यांचे धुतले तसे. यंदा यादीत माझं नाव होतं. म्हणून दुपारी तासभर मोरीत दगडाने टाचा घासल्या. एका टाचेतून रक्त आलं. निवृत्त मुख्याध्यापक ना मी! लोक काय म्हणतील?

शेजारी पास्कू बसलेला. केळीच्या वाडीतून थेट आला होता, टाचांच्या भेगांत माती तशीच. मलाच लाज वाटली. त्याच्या पायाखालचं पाणी गढूळ झालं आणि तो डोळे मिटून रडत राहिला. माझ्या पायाखालचं पाणी नितळच राहिलं. खरं लिहितो, मी खूश झालो.

घरी बायकोला, रोझीला, हे सांगितलं. म्हणाली, "सगळं तुम्हीच धुऊन गेलात, मग फादरांनी काय धुवायचं?"

चिडलो. तसाच वही घेऊन बसलो. देवापुढेही मी असाच जातो का, सगळं आधी आवरून?

टाच ठणकतेय. रोझी मलम घेऊन आलीय. एरवी मी ते तिच्या हातातून ओढून घेतो.

आज पाय पुढे करतो.